जुन्या हॉलिवूडच्या भानगडी: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

जुने ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी सिनेमे बघतो असं कुठे बोललं की सिनेमाबद्दल कोणी विचारत नाही, "त्या बाईचं म्हणे त्याच्याबरोबर होतं ना?" हेच सुरू होतं. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच उत्तरांसकट लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात, मग एवढ्या अफवा होत्या म्हणजे काहीतरी असणारच ना?

तिथे धूर काढायला पगारी माणसं होती हो. १९२० ते १९५० च्या काळात नट-नट्या सरळ स्टुडिओच्या नोकरीत असायच्या, बहुतेकांचं सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि नाव काय लावायचं, केस कुठल्या रंगाचे, कोणाबरोबर जेवायला जाऊन फोटो काढून घ्यायचा हे सगळं स्टुडिओचं पब्लिसिटी खातं ठरवायचं. एमजीएममध्ये हॉवर्ड स्ट्रिकलिंग आणि एडी मॅनिक्स ही जोडगोळी होती, एक गोड बातम्या पेरणार आणि दुसरा कडू बातम्या दाबणार. समोर लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन कॉलमवाल्या, दोघींचं एकमेकींशी हाडवैर, पण कोट्यवधी लोक सकाळी पेपर उघडून आधी यांचाच कॉलम वाचायचे. हॉपरबाई आपल्या बेव्हर्ली हिल्सच्या बंगल्याला भीतीने बांधलेलं घर म्हणायच्या, तेही कौतुकाने! त्यामुळे कुठलीही भानगड ऐकली की मी आधी बघतो यात पैसा किंवा फायदा कोणाचा होता, आणि मग बघतो कागद काय म्हणतो, म्हणजे दाखला, कोर्टाचा निकाल, पासपोर्ट, जे काही असेल ते. त्यात गंमत अशी की पुष्कळदा अफवा खरी निघते आणि स्टुडिओने छापलेली अधिकृत माहितीच थाप निघते.

फॅटी आर्बकलने पार्टीत एका मुलीला मारलं ते खरं का?

नाही. आणि हा प्रश्न शंभर वर्षांनीही लोक याच शब्दांत विचारतात, यातच सगळं आलं.

रॉस्को आर्बकल हा मूकपटांच्या काळातला प्रचंड मोठा विनोदी नट, पॅरामाउंट स्टुडिओकडून वर्षाला दहा लाख डॉलर घ्यायचा असं म्हणायचे. ५ सप्टेंबर १९२१, लेबर डेची सुट्टी, सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याच्या खोल्यांमध्ये पार्टी, दारूबंदी असताना दारू, आणि तिथे व्हर्जिनिया रॅपी नावाची नटी १२१९ नंबरच्या खोलीत पोटात कळा येऊन तळमळताना सापडली. चार दिवसांनी ती गेली. कारण, मूत्राशय फुटून पोटात झालेलं इन्फेक्शन. पार्टीतल्या मॉड डेलमाँट नावाच्या बाईने आर्बकलवर आरोप केला आणि हर्स्ट या बड्या पेपरमालकाच्या पेपरांनी त्यावर जे रान उठवलं ते उठवलंच. आता बघा, जिच्या आरोपावर सगळी केस उभी होती त्या डेलमाँटबाईंना सरकारी वकिलाने साक्षीला उभंच केलं नाही, कारण ती दर वेळी वेगळंच सांगायची आणि उलटतपासणीत टिकली नसती. डॉक्टरांना तपासणीत अत्याचाराच्या खुणाही मिळाल्या नव्हत्या. त्याने बाटलीने अत्याचार केला अशी जी घाणेरडी गोष्ट आजही व्हिडिओंमधून फिरते ती बाजारगप्प आहे.

तीन खटले झाले. पहिल्या दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, तिसऱ्या वेळी १२ एप्रिल १९२२ ला ज्युरी काही मिनिटांत बाहेर आली, आणि त्यातलाही बराचसा वेळ त्यांनी एक निवेदन लिहिण्यात घालवला होता, की याला नुसतं निर्दोष म्हणून भागत नाही, याच्यावर फार मोठा अन्याय झालाय. एवढं झाल्यावर सहाच दिवसांनी सिनेमाधंद्याने स्वतःवर नजर ठेवायला नेमलेल्या विल हेजने त्याच्या सिनेमांवर बंदी घातली! ती डिसेंबरात उठली, पण तोवर कोणी उभं करेना. बिचारा विल्यम गुडरिच या टोपणनावाने डायरेक्शन करत राहिला आणि १९३३ मध्ये झोपेतच गेला. याच केसनंतर स्टुडिओंनी कॉन्ट्रॅक्टमध्ये वागणुकीचं कलम घालायला सुरुवात केली, म्हणजे नुसती बदनामी झाली तरी नोकरी गेली. मग लोक घरातल्या गोष्टी लपवायला लागले तर नवल काय.

नटी क्लारा बो अख्ख्या फुटबॉल टीमबरोबर झोपली ती गोष्ट?

खोटी. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या पोरांना ती पार्ट्या द्यायची हे खरं, पण बाकीचं कोणीतरी ध चा मा केलेलं. चरित्रकार डेव्हिड स्टेनने हयात असलेल्या खेळाडूंना गाठून विचारलं तर असलं काही झालंच नव्हतं. मुळात झालं काय, तिची सेक्रेटरी डेझी डीव्हो हिच्यावर पैसे ढापल्याची केस झाली, १९३१ मध्ये, आणि कोर्टात आरोपी डेझी असताना चव्हाट्यावर आलं ते क्लाराचं आयुष्य, तिची पत्रं, तिचे चेक, दारूवर किती गेले आणि कोणाला काय गिफ्ट दिलं. त्याच सुमारास एका फडतूस साप्ताहिकाने तिच्याबद्दल छापायला लाज वाटेल असं काहीबाही छापलं, त्याच्या मालकाला अश्लील मजकूर पोस्टाने पाठवल्याबद्दल शिक्षाही झाली, पण ती गोष्ट कोणाला आठवत नाही. क्लारा खचली, पॅरामाउंट सुटलं, त्याच वर्षी लग्न करून नेवाडातल्या रँचवर निघून गेली. तेव्हा वय पुरतं सव्वीस.

नटी ल्यूपे वेलेझ म्हणे टॉयलेटमध्ये डोकं बुडून मेली?

साफ खोटं. १४ डिसेंबर १९४४ ला झोपेच्या गोळ्यांनी गेली आणि पलंगावर सापडली. ही आणि वरची फुटबॉलवाली, दोन्ही गोष्टी जगभर पसरवल्या केनेथ अँगरच्या ‘हॉलिवूड बॅबिलॉन’ने. ते पुस्तक वाचायला एकदम खमंग आहे, पण इतिहास म्हणून त्यावर विसंबणारा माणूस फसलाच समजा.

नटी जीन हार्लो केसांच्या ब्लीचमुळे मेली का? का आईने डॉक्टरच बोलावला नाही?

दोन्ही नाही. ७ जून १९३७ ला ती गेली ती किडन्या निकामी होऊन, वय २६. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला होता, किडन्या तेव्हापासूनच बिघडत गेल्या असणार असं मानतात. आई ख्रिश्चन सायन्सवाली, म्हणजे औषधापेक्षा प्रार्थनेवर भरवसा, म्हणून लोकांनी तिच्यावर ढकललं. पण घरी डॉक्टरही होते, नर्सही होत्या आणि शेवटी हॉस्पिटलमध्येही नेलं होतं. त्या काळात डायलिसिस नव्हतंच, पहिलं मशीन त्यानंतर काही वर्षांनी हॉलंडमध्ये चाललं. आई अगदी देवभोळी नसती तरी पोरगी वाचली नसती.

नटी लोरेटा यंगने स्वतःच्याच मुलीला दत्तक घेतलं म्हणतात, हे तर पटतच नाही!

हे मात्र शंभर टक्के खरं आहे. १९३५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात माउंट बेकरजवळ बर्फात एका सिनेमाचं शूटिंग होतं, हिरो क्लार्क गेबल, चौतिशीचा, लग्न झालेला, आणि लोरेटा बावीसची, कट्टर कॅथलिक, आधीचं एक लग्न रद्द होऊन तेव्हा एकटी. दिवस गेले. गर्भपात धर्मात बसत नव्हता आणि बाळ उघड ठेवलं असतं तर दोघांचंही करिअर संपलं असतं. मग आईबरोबर युरोपला ‘सुट्टी’, परत आल्यावर ‘आजारपण’, आणि ६ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातल्या एका घरात गुपचूप बाळंतपण. मुलीला काही काळ अनाथाश्रमात ठेवलं आणि दीडेक वर्षाची झाल्यावर लोरेटाने लुएला पार्सन्सलाच सांगितलं की मी मूल दत्तक घेतलंय. म्हणजे जी बाई बातमी फोडणार तिच्याच हातून खोटी बातमी छापून घेतली, डोकं बघा!

पण कान कुठे लपवणार? मुलीचे, म्हणजे ज्युडी लुइसचे कान अगदी गेबलसारखे, बाहेर आलेले. लहानपणीच्या फोटोंत तिच्या डोक्यावर सतत बॉनेट बांधलेलं असायचं, आणि ती सात वर्षांची झाल्यावर ऑपरेशन करून कान मागे घेतले. अख्ख्या हॉलिवूडला माहीत, फक्त तिलाच नाही. ती पंधरा वर्षांची असताना गेबल एकदा घरी आला, तिच्याशी गप्पा मारल्या, निघताना कपाळावर ओठ टेकवले आणि गेला, आणि हे आपले वडील हे तिला कोणी सांगितलं नाही. शेवटी तिच्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं, की अगं हे सगळ्यांना माहितीये. आईने तिच्यासमोर कबूल केलं १९६६ मध्ये, तोवर गेबल जाऊन सहा वर्षं झाली होती. जाहीर कबुली आली ती २००० मध्ये लोरेटा गेल्यावर छापलेल्या चरित्रात. आणि २०१५ मध्ये घरच्यांनी सांगितलं की म्हातारपणी ‘डेट रेप’ (ओळखीच्याच माणसाने केलेला बलात्कार) म्हणजे काय हे समजल्यावर लोरेटा म्हणाली होती, आपल्याबाबतीत तेच झालं. म्हणजे ऐंशी वर्षं लोक ज्याला लफडं म्हणून चघळत होते ते तिच्या लेखी लफडं नव्हतंच. मी स्वतः यापुढे ‘अफेअर’ लिहीत नाही.

नटी मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची होती का खरंच?

हो, मुंबईतच जन्म, १९ फेब्रुवारी १९११, नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, अँग्लो-इंडियन घर. नंतर कलकत्त्यात वाढली, तिथून इंग्लंड, तिथे निर्माता अलेक्झांडर कोर्डाने हेरलं (पुढे लग्नही केलं), तिथून हॉलिवूड, आणि १९३५ च्या सिनेमासाठी बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर नॉमिनेशन. आणि हे सगळं होत असताना जगाला सांगितलं काय, तर ही ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची, गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. टास्मानियाच का, तर जाऊन चौकशी करायला लांब! हौस म्हणून केलेली थाप नव्हती ती. तेव्हाच्या अमेरिकेत पडद्यावर गोऱ्या आणि काळ्या माणसाचं प्रेम दाखवायलाच सिनेमाच्या नियमावलीची मनाई होती, मिश्र रक्ताची आहे हे कळलं असतं तर हिरॉइनचे रोल दुसऱ्या दिवशी बंद.

घरात तर त्याहून गुंता. जिला ती आई म्हणायची ती शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, रंगाने सावळी, आणि लंडनमध्ये पाहुण्यांना ती मोलकरीण वाटायची, तसं वाटू दिलं जायचं असंही सांगतात. शार्लट १९३७ मध्ये गेली. १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिची पेंटिंग करून घेतली आणि चित्रकाराला सांगितलं रंग उजळ कर. मला या अख्ख्या प्रकरणात हाच तपशील सगळ्यात जास्त टोचतो, कारण चित्र तर घरातच राहणार होतं. आणि खरी गंमत अशी की शार्लट तिची आई नव्हतीच, आजी होती! खरी आई शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, जी मर्लच्या जन्माच्या वेळी स्वतःच शाळकरी वयाची होती, आणि मर्ल तिला जन्मभर बहीण समजत होती. हे उघड झालं मुंबईतल्या जन्मदाखल्यामुळे, तो कॉन्स्टन्सच्या मुलाने, हॅरी सेल्बीने शोधून काढला, तिला भेटायला अमेरिकेला गेला, तर तिने भेटच दिली नाही.

१९७८ मध्ये होबार्टला, टास्मानियात, ‘आपल्या मातीतली लेक’ म्हणून तिचा सत्कार ठेवला. गेलीही बिचारी. पुढच्याच वर्षी वारली, आणि १९८३ च्या चरित्रात तिचं हिंदुस्थानी मूळ बाहेर आलं. २०२३ मध्ये मिशेल यो या नटीला ऑस्कर मिळालं तेव्हा ‘पहिली आशियाई’ कोण यावरून हिचं नाव पुन्हा निघालं होतं, ते आठवत असेल.

चार्ली चॅप्लिनवर मुलाची केस झाली होती ती काय?

जोन बॅरी नावाच्या तरुण नटीने १९४३ मध्ये दावा केला की तिच्या पोटातलं मूल चॅप्लिनचं. दोघांचे संबंध होते, ते त्याने नाकारलंही नाही. पण रक्त तपासलं तर चॅप्लिनचं ओ, तिचं ए, बाळाचं बी. अकरावी-बारावीला बायोलॉजी केलेल्या कोणालाही विचारा, ओ आणि ए मधून बी येत नाही. तरी १९४५ मध्ये ज्युरीने चॅप्लिनच बाप ठरवला, कारण तेव्हाच्या कॅलिफोर्नियात रक्ताची तपासणी हा अंतिम पुरावा मानत नव्हते, आणि मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत त्याला खर्च भरावा लागला. कायदा बदलला तो १९५३ मध्ये. म्हणजे इथे कागद माझ्या बाजूने नाही, कोर्टाचा निकाल म्हणतो बाप आणि रक्त म्हणतं नाही. मी रक्ताच्या बाजूने. पण तेवढ्यावरून त्याला साधुसंत ठरवू नका, पन्नाशी उलटल्यावर विशीतल्या पोरींमागे जाणं हा त्याचा पाचवीलाच पुजलेला प्रकार होता.

‘कॉन्फिडेन्शियल’ मासिकात यायचं ते खरं असायचं का?

अर्धंअधिक. रॉबर्ट हॅरिसनने १९५२ मध्ये काढलं, तीनेक वर्षांत खप चाळीस लाखांच्या वर गेला. घरी कोणी वाचतोय असं कबूल करायचं नाही आणि खप मात्र एवढा! वेटर, प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, धंदा करणाऱ्या बाया यांना पैसे देऊन माहिती काढायचे, हॅरिसनची भाचीच हॉलिवूडमध्ये बसून हे बघायची. टॅब हंटर या नटाच्या जुन्या अटकेबद्दल त्यांनी छापलं ते खरंच होतं. हिरो रॉक हडसन गे असल्याची बातमीही त्यांच्याकडे होती असं म्हणतात, आणि ती दाबायला त्याच्या एजंटाने रोरी कॅल्हून या दुसऱ्या नटाच्या जुन्या तुरुंगवासाची गोष्ट देऊन टाकली अशी वदंता आहे. कॅल्हूनची गोष्ट १९५५ मध्ये छापून आली एवढं नक्की, आणि त्याच नोव्हेंबरात हडसनचं लग्न त्याच एजंटाच्या सेक्रेटरीशी लागलं हेही नक्की. तीन वर्षांत मोडलं. जगाला खरं कळलं १९८५ च्या जुलैमध्ये, एड्स झाल्याचं जाहीर झालं तेव्हा, आणि ऑक्टोबरात तो गेला.

पण नटी मॉरीन ओहाराच्या बाबतीत मासिक तोंडावर आपटलं. तिने हॉलिवूडच्या ग्राउमनच्या चायनीज थिएटरमध्ये ३५ व्या रांगेत कुणाबरोबर चाळे केले असं छापलं होतं, रांगेच्या नंबरसकट! १९५७ च्या खटल्यात बाई पासपोर्ट घेऊन उभी राहिली, त्या काळात ती शूटिंगसाठी स्पेनमध्ये होती. तपशील बारीक दिला की वाचणाऱ्याला खरं वाटतं, हे त्या मासिकवाल्यांना बरोबर माहीत होतं.

लिबराचीने तर केस जिंकली होती, मग तो गे होता असं का म्हणता?

कारण केस जिंकणं आणि खरं असणं यांचा दर वेळी संबंध असतोच असं नाही. पियानो वाजवणारा हा झगमगीत माणूस, लंडनच्या डेली मिररमध्ये ‘कॅसांड्रा’ या नावाने लिहिणाऱ्या विल्यम कॉनरने त्याच्यावर आडून आडून लिहिलं, हा कोर्टात गेला, शपथेवर नाही म्हणाला, आणि १९५९ मध्ये ८००० पौंड जिंकला. पण तेव्हा ब्रिटनमध्ये ते गुन्ह्यातच मोडत होतं, हो म्हणून करणार काय? ४ फेब्रुवारी १९८७ ला वारला तेव्हाही जवळच्यांनी वेगळीच कारणं सांगितली, पण रिव्हरसाइड काउंटीच्या कॉरोनरने (मृत्यूचं कारण ठरवणारा सरकारी अधिकारी) तपासणी करून एड्समुळे झालेला न्यूमोनिया असं लिहिलं.

कॅरी ग्रँट आणि रँडॉल्फ स्कॉट हे दोन हिरो जोडपं होते का?

एका घरात राहायचे, सांता मोनिकाला, हे खरं. एप्रन बांधून भांडी घासतानाचे, स्विमिंग पूलवरचे फोटो खरे. पण ते काढले कोणी, तर पॅरामाउंटच्याच पब्लिसिटीवाल्यांनी, दोन देखणे अविवाहित हिरो एकत्र राहतात हे पोरींना आवडतं म्हणून! त्यामुळे ते फोटो पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांचं मला हसू येतं. ग्रँटची पाच लग्नं झाली, १९८० मध्ये विनोदी नट चेव्ही चेजने टीव्हीवर यावरूनच शेरा मारला तर थेट एक कोटी डॉलरचा दावा लावला, नंतर आपसात मिटलं. खरं जोडपं बघायचं तर नट विल्यम हेन्स आणि त्याचा जोडीदार जिमी शील्ड्स बघा. एमजीएमने सांगितलं जिमीला सोड आणि लग्न कर, १९३३ मध्ये याचं एमजीएम सुटलं, जिमी नाही. घरं सजवायचा धंदा काढला, तुफान चालला, आणि १९७३ मध्ये हेन्स जाईपर्यंत दोघं एकत्र राहिले.

मेरिलिन मन्रोचा खून केनेडींनी केला ना?

नाही. ४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री ब्रेंटवुडच्या घरी गेली, रक्तात नेम्ब्युटल आणि क्लोरल हायड्रेट ही झोपेची औषधं भरपूर, निष्कर्ष ‘बहुधा आत्महत्या’. संशय वाढला तो एका हलगर्जीपणामुळे, पोस्टमॉर्टम करणाऱ्या डॉ. नोगुचींनी पोटाचे वगैरे नमुने दिले होते ते लॅबने तपासले नाहीत आणि नंतर टाकून दिले. १९८२ मध्ये सरकारी वकिलांनी पुन्हा सगळं बघितलं, खुनाचा पुरावा नाही म्हणाले. १९७३ मध्ये लेखक नॉर्मन मेलरने पुस्तकात एफबीआय-सीआयएचा संशय सोडून दिला आणि टीव्हीवर विचारल्यावर सांगून टाकलं की पैशांची गरज होती! जॉन केनेडींशी ओळख होती, मार्च १९६२ मध्ये पाम स्प्रिंग्जला गायक बिंग क्रॉसबीच्या घरी दोघं होते, पण त्यावरून खुनापर्यंत जाणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

पायाला सहा बोटं? पाचच. वडील कोण हा प्रश्न मात्र खरंच सुटलाय, २०२२ मध्ये डीएनएवरून चार्ल्स स्टॅन्ली गिफर्ड हेच निघाले. तिला स्वतःला तोच संशय होता.

वॉल्ट डिस्नेला बर्फात गोठवून ठेवलंय?

१५ डिसेंबर १९६६ ला गेला, दोन दिवसांत दहन झालं, अस्थी ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉनमध्ये. पुढचा प्रश्न.

मेलेल्या माणसाबद्दल एवढं वाट्टेल ते लिहितात, घरचे केस का करत नाहीत?

करतात, पण हरतात. नट एरल फ्लिन नाझी हेर होता असं १९८० मध्ये एका चरित्रकाराने छापलं, फ्लिनच्या मुली कोर्टात गेल्या आणि केस बाहेर फेकली गेली, कारण कॅलिफोर्नियात मेलेल्या माणसाची कायद्याने बदनामी होऊच शकत नाही. म्हणूनच नट-नटी जाऊन वर्ष होत नाही तोच ‘धक्कादायक’ पुस्तकं येतात, प्रकाशक वाटच बघत असतात. आपल्याकडे जरा वेगळं आहे. फौजदारी कायद्यात मेलेल्या माणसाबद्दलचं लिखाणही बदनामीत येऊ शकतं, म्हणजे तो जिवंत असता तर त्याच्या नावाला बट्टा लागला असता आणि जवळच्यांना दुखवायच्या हेतूनेच लिहिलं असेल तर. तेव्हा आपल्या जुन्या मराठी नट्यांबद्दल असलंच पान काढा म्हणून जे मागे लागलेत, त्यांनी ते स्वतःच्या नावाने काढावं.